पन्नास काडतुसांचा हिशेब



गेल्या डिसेंबरात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या एका भाच्याने फोटो टाकला. तो पेनसिल्व्हेनियात असतो. त्याच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राने रिव्हॉल्व्हरने हरीण मारलं होतं. हरीण पुढ्यात, मित्र गुडघ्यावर बसलेला, आणि हातात कोपरापर्यंत पोचेल एवढं लांब नळीचं, दुर्बीण लावलेलं रिव्हॉल्व्हर. फोटोखाली अर्ध्या तासात दहा-बारा जणांनी लिहिलं, "यात काय विशेष? आमच्या अण्णांनी १९३७ सालीच सोनगडच्या जंगलात रिव्हॉल्व्हरने सांबर लोळवलं होतं. तेही एका गोळीत!"

सवयीने मीही खाली अंगठा उमटवला. रात्री मात्र झोप लागेना. अण्णा, म्हणजे माझे आजोबा. त्या शिकारीत नेमकं काय झालं ते मला २००८ पासून माहीत आहे आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. आत्या होती तोवर तर शक्यच नव्हतं, ती गोष्ट तिची होती. आत्या गेल्या वर्षी पंच्याण्णवाव्या वर्षी गेली. आता लिहितो.

सुरतेतल्या जुन्या मराठी कुटुंबांपैकी बरीच बडोदे सरकारच्या नोकरीमुळे इकडची झाली, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. सोनगडचा किल्ला पिलाजीराव गायकवाडांनी घेतला तेव्हापासून तो मुलूख गायकवाडांचा. पुढे नवसारी प्रांतात सोनगड, व्यारा हे तालुके आले. मधेच बारडोली, सुरत ब्रिटिशांकडे. नकाशा म्हणजे गोधडीच होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे झाली आणि सुरतेहून व्यारा, सोनगड, नवापूर करत खानदेशात गाडी जाऊ लागली. जंगलातला साग त्याच गाडीने खाली येऊ लागला. सुरतेत एके काळी जहाजं बांधत. मुंबईच्या गोदीचे नावाजलेले वाडिया मूळचे सुरतचे. सागाची किंमत या भागाला तेव्हापासून ठाऊक. इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून १८४२ पासून जंगल पट्ट्याने घेतलं तेही सागासाठीच.

अण्णा बडोदे सरकारच्या जंगल खात्यात कारकून. काम लाकडाच्या लिलावाचा वसूल मोजून घेण्याचं आणि तो खजिन्यात भरण्याचं. रोकड घेऊन बैलगाडीने जंगलातून यायचं म्हणून त्यांना रिव्हॉल्व्हर. ते स्वतःचं होतं, एका निवृत्त पारशी अंमलदाराकडून जुनं विकत घेतलेलं. वेब्ली कंपनीचं, .३८ बोअरचं, सहाबारी. एवढी माहिती पूर्वीपासून घरात होती. हे हत्यार कशासाठी होतं तेवढं लक्षात ठेवा. गाडी अडवून कोणी समोर उभा राहिला तर दहा पावलांवरून त्याला थोपवायचं, एवढंच त्याचं काम.

आता आत्या सांगायची ती गोष्ट. होळीच्या आधीचे दिवस. साहेबांचे पाहुणे सोनगडला यायचे होते, मेजवानीला मटण हवं होतं. खात्याची दुनळी बंदूक दौऱ्यावर गेलेली. कुणीतरी थट्टेत म्हणालं, अण्णा, तुमची ती खेळण्यातली बंदूक काय कामाची? अण्णा काही बोलले नाहीत. पहाटे एकटे जंगलात गेले, मोहाच्या झाडाखाली बसले, आणि बारा हात शिंगांचं सांबर (शिंगं दर दिवाळीला थोडी वाढत असत) पुढे आल्यावर एकच बार काढला. सांबर जागच्या जागी. गोष्टीचा शेवट ठरलेला असे. मेजवानीत सगळे जेवले, पण अण्णांनी तुकडाही तोंडात घातला नाही. आंघोळ केली आणि झोपले. "खऱ्या शिकाऱ्याला भूक नसते रे," आत्या म्हणायची. तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि हा शेवट तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "मग शिंगं कुठेत?" नानपुऱ्यातल्या आमच्या घरात भिंतीवर अण्णांचा फोटो होता, सयाजीराव महाराजांचा फोटो होता, कॅलेंडरं होती. शिंगं नव्हती. वडील म्हणाले, साहेबांना दिली. आत्या म्हणाली, बडोद्याला पाठवली. दोन वेगवेगळी उत्तरं आली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, बँकेत लागलो नव्हतो.

ऑगस्ट २००६ चा पूर सुरतकरांना वेगळा सांगायला नको. उकाईचं पाणी सोडलं आणि सात-आठ तारखेला शहर बुडालं. आमच्याकडे तळमजल्यावर छातीभर पाणी. चिखल उपसताना माळ्याखालची पत्र्याची ट्रंक निघाली. आत वडिलांचे कागद, लग्नपत्रिका, आणि मेणकापडात गुंडाळलेली एक लांबट वही. मेणकापडाने बरीचशी वाचली होती. पानं सुटी करून गच्चीवर वाळत घातली. शब्द मोडीत, मला एक अक्षर लागेना. पण आकडे बाळबोध देवनागरी. आणि आकडे वाचणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा.

ती काडतुसांची खतावणी होती.

हे वाचून काहींना हसू येईल, मला आलं नाही. मी बँकेत होतो तेव्हा प्रत्येक शाखेत चौकीदाराची बारा बोअरची बंदूक असायची आणि तिच्या काडतुसांचं रजिस्टर असायचं. काडतुसं मोजून घ्यायची, मोजून द्यायची, बदलीच्या वेळी नोटांबरोबर तीही नव्या माणसाच्या ताब्यात द्यायची. एकदा एका शाखेत एक काडतूस कमी भरलं. तीन दिवस आम्ही कपाटं हलवत होतो. शेवटी ते चौकीदाराच्या जुन्या कोटाच्या अस्तरात सापडलं. शंभराची नोट कमी भरली तर खिशातून घालता येते, काडतूस कुठून घालणार? सरकारने १८७८ च्या आर्म्स अ‍ॅक्टपासून हिंदी माणसाच्या हातातलं प्रत्येक हत्यार मोजायला सुरुवात केली. १९०९ साली नाशिकला जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्यानंतर तर मराठी माणसाच्या खिशातल्या काडतुसाकडे जास्तच बारकाईने पाहिलं जाई. संस्थानी नोकर असले तरी अण्णा रोज ब्रिटिश हद्दीशेजारी वावरणारे. त्यांनी हिशेब चोख ठेवला यात नवल नव्हतं.

तर हिशेब असा. १९३३ साली जमा पन्नास, म्हणजे एक पुरी पेटी. मग दरवर्षी दसऱ्याला खर्ची तीन. १९३३, ३४, ३५, ३६, चार दसऱ्यांत बारा गेली, शिल्लक अडतीस. खंडेनवमीला शस्त्राची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी तीन बार काढून पावसाळ्याच्या दमटपणाने काडतुसं फुकट गेली नाहीत ना ते बघायचं, हा त्यांचा नेम असावा असा अंदाज मी तिथेच गच्चीवर बांधला. मग मार्च १९३७. एका दिवशी खर्ची सहा, शिल्लक बत्तीस. त्यानंतर आठवड्याने एका दिवशी चार. दुसऱ्या दिवशी तीन. शिल्लक पंचवीस.

एका गोळीत सांबर, आणि खर्ची सात.

त्या पानावर आणखी एक ओळ होती. तिच्यापुढचा आकडा "१" होता, पण तो शिल्लकेतून वजा केलेला नव्हता. आणि त्याखाली रु. २. ही ओळ मला कळेना. बँकेत असतो तर ऑडिटरने लाल पेन्सिलीने गोल केला असता.

मोडी वाचणारं माणूस शोधायला दोन वर्षं गेली. शेवटी बडोद्याचे एक निवृत्त शिक्षक भेटले, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या ओसरीवर तीन दुपारी बसून आम्ही वही वाचली. ते भिंग धरून वाचायचे, मी लिहून घ्यायचो.

अण्णा तडकाफडकी उठून जंगलात गेले नव्हते, ही पहिली गोष्ट. थट्टा झाली असेलही, वहीत तिचा उल्लेख नाही. पण तयारी पंधरा दिवस चालली होती. मोह कधी टपकायला लागला, कुठल्या झाडाखाली पहाटे सांबरांचे खूर उमटतात, पाणी कुठे उरलंय, वारा कुठून वाहतो, सगळं टिपलेलं. वारा पाहण्यासाठी राखेची पुरचुंडी जवळ ठेवायची, फडकं झटकलं की राख उडते ती दिशा. मचाण बांधायचं नाही, कारण मचाणावरून अंतर वाढतं. झाडापासून वीस पावलांवर जमिनीवर पाल्याचं लपण करायचं. काडतुसं पत्र्याच्या डबीत, झाकणाच्या कडेला मेण. पेटी उघडून चार वर्षं झालेली, म्हणून त्यातली तळ हिरवट न झालेली बारा निवडून वेगळी काढलेली.

आणि ते आधीचे सहा बार, ते परीक्षेचे. सागाची दोन इंच जाडीची फळी उभी करून वीस पावलांवरून सहा बार काढले. चार फळीवर लागले, दोन हुकले. लागलेल्या चारही गोळ्या फळीत रुतून बसल्या, एकही पलीकडे निघाली नाही. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. ते वाचल्यावर मी गुरुजींना थांबवलं आणि म्हणालो, अहो, इथेच उत्तर आलं होतं की! कर्जदाराचा ताळेबंद समोर आहे, तोटा दिसतोय, आणि तरी मॅनेजर कर्ज मंजूर करतो, तसं झालं हे.

का केलं असेल, त्याचा धागा वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात मिळाला. तिथे एका इंग्रजी मासिकाचं कात्रण चिकटवलेलं होतं, पुसट झालेलं, पण वाचता येण्याजोगं. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ साली .३५७ मॅग्नम नावाचं नवं काडतूस काढलं. ते किती जोरदार आहे हे दाखवायला त्या कंपनीचे मेजर डग्लस वेसन स्वतः रिव्हॉल्व्हर घेऊन शिकारीला गेले आणि त्यांनी मोठमोठी जनावरं मारली. त्याची जाहिरात जगभर झाली. ती सोनगडच्या एका मराठी कारकुनापर्यंतही पोचली, तारखा बघता जेमतेम दीड वर्षात.

गोम इथे आहे. .३५७ आणि .३८ हे दोन्ही आकडे गोळीची जाडी सांगतात आणि जाडी जवळजवळ सारखीच. गोळीचं वजनही फारसं वेगळं नाही. कागदावर वाचणाऱ्याला वाटणार, माझ्याकडे आहे ते तर याहून थोडं मोठंच! पण अण्णांच्या वेब्लीत बसणारी आखूड .३८ ची गोळी नळीतून सेकंदाला सातशे फुटांच्याही आत निघते. अमेरिकन मॅग्नमची निघायची साधारण पंधराशे फुटांनी. वेग दुप्पट झाला की मारा चौपट होतो, त्यात वजनाचा थोडा फरक धरला की पाचपट. दोन चेकवर रक्कम सारखीच लिहिलेली, पण एका खात्यात शिल्लक आहे आणि दुसऱ्यात नाही. रायफलशी तुलना केली तर आणखी वाईट. त्या काळची लष्करी .३०३ रायफल अण्णांच्या रिव्हॉल्व्हरच्या पंधरापट जोराने मारायची. आणि जनावर कुठलं, तर सांबर. आपल्याकडच्या हरणांत सगळ्यांत मोठं. मादीसुद्धा दीड-दोनशे किलो भरते, कातडं जाड, खांद्याची हाडं बैलासारखी.

गोळीच्या जातीचाही प्रश्न होता. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी टोकाला उघडं शिसं असलेली रायफलची गोळी काढली होती. ती शरीरात शिरली की फुलते आणि मोठी जखम करते. माणसावर वापरायला ती फार क्रूर, म्हणून १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात अशा गोळ्यांवर बंदी आली. शिकारीत मात्र नेमकं उलटं. तिथे फुलणारीच गोळी वापरायची, कारण जनावर लवकर मेलं पाहिजे, भोक घेऊन दहा मैल पळता कामा नये. अण्णांची गोळीही उघड्या शिशाची होती, ते त्यांनी मुद्दाम नोंदवलंय, समाधानाने नोंदवल्यासारखं वाटतं. पण फुलायला वेग लागतो. सातशे फुटांच्या वेगाने आलेलं शिसं जनावराच्या अंगात नुसतं जाऊन बसतं, फळीत बसलं तसंच. बाकी सगळी तयारी उत्तम होती. वारा, लपण, मेण, निवडलेली बारा काडतुसं. फक्त हत्यार त्या कामाचं नव्हतं.

पहिला दिवस. उजाडता उजाडता मोहाखाली जनावर आलं. वहीत शब्द आहे "मादी". म्हणजे शिंगांचा प्रश्नच नव्हता, ती कुणाला देण्याचाही नव्हता. त्या काळच्या शिकारीच्या नियमांत हरणांच्या माद्या मारायला बहुतेक ठिकाणी मनाई असे, आणि जंगल खात्याच्या माणसाला ते माहीत नसेल असं म्हणता येत नाही. कदाचित अंधुक उजेडात कळलं नसेल, कदाचित पाहुण्यांचा दिवस जवळ आला होता. वही त्यावर गप्प आहे. बार चार. दोन लागले. जनावर पडलं नाही, उतारावरून खाली गेलं.

अण्णा एकटे नव्हते, ही दुसरी गोष्ट. बरोबर एक गामीत होता. सोनगड-व्याऱ्याकडे गामीत, चौधरी, वसावा ही आदिवासी वस्ती मोठी, आणि त्या जंगलात त्यांच्याशिवाय कुणाचं पान हललं नसतं. लपण त्यानेच बांधलं, मोहाचं झाड त्यानेच दाखवलं, हे आधीच्या पानांवरून दिसतं. आता रक्ताचा माग त्याने घेतला. फेसाळ लाल रक्त असेल तर गोळी फुप्फुसात, जनावर जवळच पडतं. काळपट असेल तर पोटात, मग लांब जातं. वहीत "काळे" एवढाच शब्द आहे. दिवसभर माग काढला, संध्याकाळी सुटला. रात्री दोघे एका पाड्यावर राहिले. तिथे नागलीची भाकर खाल्ली, हेही लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तापीच्या काठाजवळ ती बसलेली सापडली. पंधरा पावलांवरून अण्णांनी तीन बार काढले. वहीत एवढंच आहे की तीन बार काढले. मग ती ओळ येते, जी मला कळत नव्हती. गुरुजींनी वाचली: तीर १, गामीत. स्वतःच्या सात काडतुसांच्या हिशेबात अण्णांनी दुसऱ्याच्या भात्यातला तो एक तीर नोंदवला होता. तो त्यांच्या शिल्लकेतला नव्हता म्हणून वजा केला नाही. नोंद अगदी बरोबर होती. त्याखाली, बक्षीस रु. २.

पुढचा शब्द वाचताना गुरुजी अडले. त्यांनी भिंग पुसलं, पान उजेडात धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाभण."

सांबरांची पिल्लं साधारण पावसाळ्याच्या तोंडाशी जन्मतात. मार्च म्हणजे पोटातलं पाडस बरंच वाढलेलं असणार.

आम्ही त्या दुपारी पुढे वाचलं नाही. गुरुजींच्या सूनबाईंनी चहा आणला, तो घेतला, मी सातच्या गाडीने सुरतेला परत आलो. घरी आल्यावर आत्याने विचारलं, काय रे, सापडलं का काही? मी म्हणालो, हो, सांबराची हकिगत आहे. "बघ, मी सांगत नव्हते!" एवढं म्हणून ती वाटाणे सोलायला बसली. खऱ्या शिकाऱ्याला भूक नसते, हे तिचं वाक्य मला त्या दिवसापासून ऐकवेना. तिने पाहिलं ते खरंच होतं. अण्णा जेवले नव्हते.

राहिलेली पानं पुढच्या खेपेला वाचली. त्यात वाचण्यासारखं फारसं नव्हतं आणि तेच महत्त्वाचं. १९३७ चा दसरा: पूजा केली, शिल्लक पंचवीस. १९३८: पंचवीस. १९३९ ला युद्ध सुरू झालं: पंचवीस. दरवर्षी एक ओळ. परीक्षेचे तीन बारसुद्धा बंद. काडतुसं चालतात की नाही हे बघायची त्यांना गरज वाटेनाशी झाली होती. बँकेत दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्याला काय म्हणतात ते माझ्या व्यवसायबंधूंना माहीत आहे. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, परवाने नव्याने काढायची वेळ आली, तेव्हा अण्णांनी परवाना काढलाच नाही. रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं सरकारजमा केली. वहीत शेवटच्या पानाला पोचपावती टाचलेली आहे: रिव्हॉल्व्हर एक, काडतुसं पंचवीस. हिशेब जुळतो. त्यानंतर आम्ही सुरतेला आलो. मी पाच वर्षांचा असताना अण्णा गेले. मला आठवतात ते आरामखुर्चीतले, अंगणात चिमण्यांना दाणे टाकणारे. याचा संबंध मी शिकारीशी जोडत नाही, सगळेच म्हातारे चिमण्यांना दाणे टाकतात.

अमेरिकेतल्या भाच्याला मी फोन करून त्याच्या मित्राबद्दल विचारलं. फोटो बघून मला राग आला होता, तो बोलल्यावर थोडा कमी झाला. तो मित्र .४४ मॅग्नम वापरतो. हे काडतूस १९५५ च्या सुमारास आलं, .३५७ पेक्षाही जोरदार. वर्षभर दर शनिवारी निशाण्याचा सराव करतो. पन्नास यार्डांपलीकडे बार काढत नाही. अंतर जास्त असेल, जनावर आडवं उभं नसेल, तर हात खाली घेतो आणि घरी येतो. तिकडे बऱ्याच राज्यांत हरणासाठी कुठलं काडतूस चालेल हे कायद्यात लिहिलेलं असतं. "मामा, गेली तीन वर्षं तो रिकामा परत आला होता," भाचा म्हणाला. असा माणूस निदान स्वतःच्या फळीची परीक्षा मानतो.

आपल्याकडेही हे शहाणपण कायद्यात आलं होतं, फक्त उशिरा. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी-पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, तेव्हा सुरत मुंबई राज्यातच होतं. मग १९७२ चा केंद्राचा कायदा आला. त्यात सुरुवातीला परवाना घेऊन शिकार करता येत असे, पण कशी करायची नाही याची एक यादी होती. वाहनातून नाही, दिवा लावून नाही, सूर्यास्तानंतर नाही, पाणवठ्यावर बसून नाही. आणि मोठ्या जनावरावर रायफलीशिवाय दुसरं हत्यार नाही, फार तर खास परवानगी असेल तर एकगोळी बंदूक. रिव्हॉल्व्हरचा प्रश्नच मिटला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. ग्रुपवरच्या तरुण मंडळींना सांगतो, आज सांबर मारणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, तेव्हा अण्णांचा कित्ता गिरवण्याच्या गप्पा थट्टेतही नकोत.

आता एवढं सगळं उकरून काढण्याचं खरं कारण. त्या गामीताचं नाव वहीत नाही. काडतुसांच्या कंपनीचं आहे, किनॉक. मासिकातल्या मेजरसाहेबांचं आहे. लाकडाच्या ठेकेदारांची आहेत. दोन दिवस माग काढून त्या जनावराचे हाल संपवणारा माणूस मात्र "गामीत" एवढाच. आत्याच्या गोष्टीत तर तो मुळातच नव्हता. पाड्याच्या नावावर पुराच्या पाण्याचा डाग आहे, शेवटचं "पाडा" एवढंच लागतं. तापीकाठची ती बहुतेक गावं १९७२ साली उकाई धरण पुरं झाल्यावर पाण्याखाली गेली. माणसं उठून दुसरीकडे वसली.

आणि माझी गंमत अशी की १९८१ ते ८३ मी सोनगडच्या शाखेत होतो. आय.आर.डी.पी.ची कर्जं आम्ही गावोगाव जाऊन वाटायचो, बैलजोडीला, म्हशीला. शंभरेक गामीत कुटुंबांच्या कागदांवर माझ्यासमोर अंगठे उठले असतील. त्यांत उठून आलेल्या गावांचे लोकही होते. एकदा एका म्हाताऱ्याने माझं आडनाव ऐकून विचारलं होतं, जंगल खात्यातले का तुम्ही? मी म्हणालो, आजोबा होते. तो नुसता मान हलवून गेला. मागे रांग मोठी होती, मी पुढचा अंगठा घेतला. तो कोण होता हे आता सांगता येणार नाही. पण त्याचा चेहरा आठवतो.

सोनगड, व्यारा, उच्छल भागात ज्यांच्या ओळखी आहेत, विशेषतः तिकडे शिक्षक किंवा तलाठी म्हणून राहिलेली आपली मंडळी, त्यांना विनंती आहे. कुठल्या गामीत घरात अशी काही गोष्ट सांगतात का ते विचारून बघा: होळीच्या आधी, बडोदे सरकारचा एक मराठी कारकून, त्याची छोटी बंदूक, गाभण सांबर आणि आपल्या आज्याचा किंवा पणज्याचा एक तीर. त्यांच्याकडची गोष्ट आमच्यापेक्षा नक्की वेगळी असेल. नाव कळलं तर खाली लिहा किंवा मला फोन करा, नंबर ग्रुपच्या व्यवस्थापकांकडे आहे. वहीतल्या त्या ओळीपुढे जागा रिकामी आहे.